नंबर तोच

भिंतीला करंगळीएवढं भोक पाडून
उईके म्हणाला, "काका, नंबर तोच राहते."
जुनी तार गुंडाळून हातात दिली.
तेहतीस वर्षांचं बोलणं,
तांबं पावभरही नाही.

आता काचेतून बोलायचं.
भंडाऱ्याहून शकूचा आवाज
इतका स्वच्छ येतो
की जिना चढून तिला लागलेला दम कळतो.
पूर्वी खरखर तेवढं झाकून घ्यायची.

मेमधली दुपार. नंदनवनातली लाइट गेली.
कूलरचं पाणी टपटपत थांबलं.
सवयीनं रिसीव्हर उचलला.
जुना फोन अंधारातही गुणगुणायचा,
कोणी नसलं तरी.
हा गप्प.

तरी म्हटलं, "हॅलो?"

भिंतीपलीकडून नागदेवे ओरडले,
"तुमचीबी गेली का हो लाइन?"