खिडकी नंबर चार

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी नलू गुरव फोन करते,
परळहून, अपघात विभागाच्या खिडकी नंबर चारवरून:
"मॅडम, चिठ्ठी निघत नाही."

मी शिवडीच्या घरात. ओट्यावर लॅपटॉप,
शेजारी झाकून ठेवलेलं भाताचं पातेलं.
पडद्यावर सगळं हिरवं.
त्रेचाळीस कंटेनर, त्रेचाळीस ठिपके,
सहाच्या सहा नोड ठणठणीत,
मेमरी निम्मी रिकामी, प्रोसेसर जांभया देतोय.
"इथून तर सगळं चालू दिसतंय, नलूताई."
"दिसत असेल तिथून," ती म्हणते,
"इथे बाई बाकावर झोपवलीये, आणि केसपेपर नाही."

दिसत असेल.
ह्याला कुठलाच अलार्म लावलेला नव्हता आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि जेरोम परेरा.
आठ महिने आम्ही ह्या डब्यांची उस्तवार केली,
कोण कुठल्या नोडवर, कोण मेला, कोण परत उठला,
किती प्रती, कुठलं पोर्ट,
प्रत्येकाचं बारसं आणि प्रत्येकाचं बारावं.
त्या सगळ्या याद्यांमध्ये
"नोंदणी" हा शब्द कुठेच नव्हता.
नलूताईला तेवढा एकच माहीत होता.

बाबा गोदीत टॅली क्लार्क होते.
कानामागे पेन्सिल, क्रेनखाली उभे.
सांगायचे, पहिल्या वर्षी मी नुसत्या पेट्या मोजायचो,
एकशे वीस उतरल्या, एकशे वीस लिहिल्या,
हिशोब चोख, साहेब खूश.
मग एक दिवस भांडुपहून माणूस आला:
आमचं छपाईचं यंत्र आलं का?
यंत्र पाच पेट्यांत होतं.
चार एका शेडमध्ये, पाचवी पार दुसऱ्या टोकाला,
तिच्यावर कुणाचे तरी टायर रचलेले.
"एकशे वीसच्या एकशे वीस होत्या गं पोरी,
पण यंत्र काही आलं नव्हतं."
हे सांगताना ते दर वेळी
एक बोट मिटून घ्यायचे.

दोन सत्तावीस.
मी नोड बंद करून टाकते, म्हणजे पडद्यावरून.
कागदावर लिहिते: नोंदणी.
खाली तिचे पाच अवयव:
फॉर्म, नंबर देणारा, डेटाबेस, छपाईची रांग, किल्ली.
किल्ली रात्री अकराला बदलली होती.
चौघांना नवी मिळाली.
छपाईवाला जुनीच घेऊन दार वाजवत होता,
वाजवत होता म्हणजे जिवंत होता,
जिवंत होता म्हणून हिरवा.

दोन एकेचाळीस.
"निघाली," नलूताई म्हणते आणि फोन ठेवते.
त्या बाईचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.
विचारायचं राहून गेलं.

सकाळी जेरोमने नवा पडदा पाहिला.
वर एकच ओळ, मोठ्या अक्षरात:
नोंदणी, चिठ्ठी निघते.
"आणि नोड कुठे गेले?"
"आहेत की खाली. उघड आणि बघ."
तो थोडा दुखावला. नोड त्याने वाढवले होते.

आता दर मिनिटाला एक खोटा पेशंट
खिडकी नंबर चारवर येतो,
नाव सांगतो, नंबर घेतो, चिठ्ठी घेतो, पुसला जातो.
त्याची चिठ्ठी निघाली नाही
तर माझा फोन वाजतो, नलूताईच्या आधी.
नाव काहीतरी द्यायचंच होतं.

परवा तिने विचारलं,
"हा हिराजी तांडेल कोण हो? वय एकोणसत्तर.
रद्द झालेल्या नोंदींत सगळीकडे हाच.
काय झालंय काय त्याला?"
"काही नाही," मी म्हटलं,
"टॅलीला येतो."