चढावरचा वारा

ब्लाइनायला, गराजच्या फरशीवर
मॉरिसचा मागचा अ‍ॅक्सल उताणा पडलाय.
एलिनेद दात्यांना निळा रंग फासते,
चक्र हाताने फिरवते
आणि बघते, कुठे पुसला, कुठे राहिला.

दात्यावर दाता नीट बसत नाही.
टोकाशीच घासतोय.

तीस वर्षं ही गाडी चढावर रडायची.
बाबा म्हणायचे, वारा आहे.

पिनियनमागे सापडली
तंबाखूच्या डबीची कातरलेली चकती,
हिरवा रंग अजून कडेला.
मायक्रोमीटर लावला. सूतभर जाड.
सूत कसलं, केसाचा चौथा हिस्सा.

म्हणजे उघडला होता त्यांनी.
स्लेटच्या खाणीतून आल्यावर, एकट्याने, कधीतरी रात्री.
आणि चुकले, आणि बंद केला,
आणि वाऱ्याचं नाव पुढे केलं.

ती हसते. चिंधी शोधते.
नवी चकती. पुन्हा निळा. पुन्हा फिरवणं.
सहाव्या खेपेला ठसा मधोमध येतो,
बदामाएवढा.

इफोरला फोन करावा का?
पर्थमध्ये आता पहाटेचे तीन.
राहू दे.

डबीची चकती वॉशरच्या बरणीत टाकून
ती झाकण फिरवते.
उद्या तेल. मग चढ.
वारा असलाच तर कळेल.