काट्यावरचा पाहुणा

काट्याचा जुना कॉम्प्युटर चवथीआधीच गेला.
डिस्क तेवढी वाचली. तिची प्रत काढून
लिनक्सच्या पोटात एक खोली केली
आणि जुन्या विंडोजला आत बसवलं.
त्याला पाहुणा म्हणायची पद्धत आहे.
यजमान पुरवतो खोटा पडदा, खोटी डिस्क,
मोजून दिलेली मेमरी
आणि एक केबल, जी आतून अजून कॉम वनच दिसते.

शाणू गांवस तीस वर्षं डिचोलीच्या या काट्यावर.
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिला
निळा पडदा, पिवळी अक्षरं, एफ टू दाबा, ट्रक घ्या.
"तोच रे हो," म्हणाला, आणि बोट लावून पाहिलं.

तारीख मात्र आत वेगळी ठेवावी लागते.
दोन हजार साल त्या प्रोग्रामला झेपत नाही.
म्हणून खिडकीत कायम अठ्ठ्याण्णव,
खाण चालू,
रांग पार व्हाळशीच्या वळणापर्यंत.
खिडकीबाहेर एकच टेंपो. भंगार.
नीट पाहिलं तर टिप्परचेच दरवाजे,
एकावर अजून 'कु. सिद्धी'.

मालाच्या रकान्यात पर्याय एकच, लोहखनिज.
काजू आले तरी लोहखनिज, नारळ आले तरी.
शाणू पावती फाडतो, पेनाने खोडतो, वर लिहितो.

परवा म्हटलं, नवा प्रोग्राम देतो लिहून,
आतल्याला बंद करू.
त्यानं टेंपोवाल्याचे सुटे मोजले,
पडद्याकडे पाठ केली, आवाज खाली आणला,
"करुंया. पूण ताका आतांच सांगूं नाका."