गाळणीपाशी

तिथे साडेपाच, इथे तीन.
तिथे म्हणजे पालशेत, शमिकाची सहामाही, विज्ञान दोनचा पेपर.
इथे म्हणजे अल हिद्द,
समुद्र आत ओढणाऱ्या पाइपाचं तोंड
आणि त्याच्या जाळीला अडकलेली जेलीफिश,
मुकादमाच्या हिशेबाने चार टन.

"पप्पा, सिलेंटराटा."
मी फावडं भिंतीला टेकवतो.
पिशवी गं. खायला आणि टाकायला एकच दार.
मधोमध कुठूनही काप, दोन्ही भाग सारखे.
"अरीय सममिती," ती म्हणते.
असेल. मला दिसते ती छत्री,
वारा लागून उलटलेली.
"आणि दंशपेशी?"
उजव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे.
दंशपेशी मला पाठ आहेत.

दिलमान पाण्याचा झोत मारतो.
मेलेलीसुद्धा चावते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं.
त्याच्या जिल्ह्यात समुद्र नाही,
तो अजून तिला मासाच म्हणतो.

रंध्रीय प्राणी तीच घडाघडा म्हणते:
अंगभर बारीक छिद्रं, पाणी त्यांतून आत,
वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर,
जाता जाता जेवण गाळून घ्यायचं.
मी म्हणतो, हा तर आमचा प्लांट झाला.
फक्त तो मीठ बाहेर टाकतो
आणि जेवतं सगळं मुहर्रक.

तारामासा सोपा.
नालिकापाद, पाण्याच्या दाबावर चालतात,
गाडीखालचा जॅक आठव, तेल घालून दाखवला होता तो.
डोकं नाही. पाच दिशा, आणि पुढची अशी एकही नाही.

"बार्नेकलला कवच आहे,
मी मृदुकाय लिहिलंय."
खोड.
"पण शिंपल्यासारखंच..."
खोड म्हणतो ना.

इतकी वर्षं मीही तेच समजायचो.
पालशेतला होडीच्या बुडाला, इथे झडपांना,
खरवडला की पांढरा चुरा, संपलं.
मग एका रात्री अबू इद्रीसने खिशातलं भिंग काढलं,
(आजोबा त्याचे मोत्यांसाठी बुडी मारायचे, नाकाला चिमटा, पायाला धोंडा,
सापडलेला प्रत्येक मोती नाखव्याचा)
आणि म्हणाला, बघ, दार उघडतोय.
दारातून पाय आले.
पिसासारखे, पण सांधे असलेले.
कोळंबीच्या, कुर्लीच्या जातीचा निघाला, संधिपाद.
पिल्लू असतो तेव्हा पोहतो,
भिंत चाचपतो, सोडतो, दुसरी चाचपतो.
एकदा पसंत पडली की डोकं टेकवतो,
आपलंच सिमेंट काढून चिकटवतो,
आणि उरलेला जन्म उलटा उभा
पायांनी घास तोंडात लोटत.

हे सगळं तिला सांगितलं.
शेवटचं जरा हळू सांगितलं.

"पप्पा, अपृष्ठवंशीय म्हणजे सगळे हेच ना?
एवढे सगळे, आणि नाव मात्र
नसलेल्या हाडावरून?"
मला बँकेचं पासबुक आठवलं.
पहिल्या पानावर, नावाखाली, शिक्क्यात: अनिवासी.
एकोणीस वर्षं मी कुठे राहतो
ते त्यात कुठेच नाही,
कुठे राहत नाही तेवढं आहे.
तिला म्हटलं, पेपरात असलं काही लिहू नकोस.
व्याख्या लिही.

भोंगा झाला. जाळी फिरायला लागली.
"वलयांकित राहिले, पप्पा!"
गांडूळ, गांडूळ आठव, मी ओरडलो,
आणि दिलमान हसला, त्याला वाटलं त्यालाच.

पहाटेपर्यंत ट्रॉलीत भरत होतो ते ओझं,
नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच,
पाण्यातून पाणी उपसायचा पगार.
तीन नंबरच्या झडपेमागे एक बार्नेकल
काल खरवडायचा राहिला होता.
आजही राहिला.
कामात कुचराई म्हणा.

दुपारी जाग आली तेव्हा निरोप येऊन पडला होता:
संधिपाद आलं होतं, चार मार्कांना.
उदाहरणात तोच लिहिला.
आकृती पण काढली.
पायांच्या सहा जोड्या ना?

मी पडल्या पडल्या टाइप केलं, हो.
मग उठून अबू इद्रीसला फोन लावला,
खात्री करायला.