अपवादांची यादी

बिटको चौकाजवळच्या दुकानात
हर्षद ताजनपुरेने काउंटरवर तीन डबे मांडले.
तिन्हींवर ढाली.
एक निळी, एक हिरवी,
आणि एकीमागे उगाचच तलवार.
"मावशी, तीन वर्षांचं घ्या, स्वस्त पडतं."
मी मनात आमच्या दोघांची वयं मांडली,
त्यात तीन मिळवले
आणि म्हटलं, एकच वर्षाचं दे.

डबा उचलून ट्यूबलाइटसमोर धरला.
सवय, दुसरं काय.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये हेच केलं :
शाई सरकलेली, आकडा तुटलेला,
कडेला केसाएवढा डाग.
तेवढ्यासाठी अख्खं पान बाजूला.
सुटताना गेटवर रोज झडती,
डब्यातल्या उरलेल्या पोळीचीसुद्धा.
तेव्हा राग यायचा.
झडती घेणाऱ्या लोखंडेबाई म्हणायच्या,
"तुझ्यावर संशय नाही गं, गेटवर आहे."
ते वाक्य मला अजून नीट कळलेलं नाही.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.
हर्षद म्हणाला, "तिन्ही खरी."
हे असं उत्तर
आमच्या खात्यात कोणी दिलं नसतं.

जेल रोडला घरी पोचले तर हे म्हणाले,
"फुकटचं मिळतं की.
आणि आपल्या घरात चोरायचं आहे काय?"
मग मीच मोजलं :
पेन्शनचा हयातीचा दाखला,
दोघांची आधार कार्डं,
सोसायटीचा दहा वर्षांचा न जुळलेला हिशेब,
भाचीच्या लग्नाचे अकराशे फोटो,
त्यातल्या नऊशेंत जेवणारी माणसं.
खरंच, कोण नेईल.
पण नेण्यासारखं काही नाही म्हणून
आपण रात्री कडी लावत नाही का?

डबा उघडला तर आत चकती नाही, काही नाही.
एक कागद. त्यावर खरवडायचा नंबर.
मी पावलीने खरवडला,
पंचवीस आकडे-अक्षरं, एकदाही न चुकता घातली.
चुकले असते तर स्वतःला माफ केलं नसतं.

तपासणी सुरू झाली.
आमचा संगणक आधीच दम्याचा,
धापा टाकत एकेक फाइल दाखवू लागला.
मी खुर्ची ओढून समोर बसले.
खरं तर बसायची गरज नव्हती,
ते आपोआप होतं.
पण दुसरं कोणी तपासत असताना
मला उठवत नाही.

चार वाजता लाल चौकट आली.
संशयित : एक.
पत्ते.
यांचा तो पत्त्यांचा खेळ,
कुठल्याशा मित्राने पेन ड्राइव्हवर आणून दिलेला,
बिनपरवान्याचा,
बारा वर्षं रोज दुपारी
चहा गार होईस्तोवर चालणारा.
खाली तीन पर्याय :
काढून टाका. वेगळं ठेवा.
आणि बारीक अक्षरांत, जणू लाजत,
अपवादांच्या यादीत घाला.

आतल्या खोलीतून आवाज आला,
"झालं का? माझा डाव अर्धा राहिलाय."

एकतीस वर्षांत एक पान सोडलं नाही मी.
शेजारच्या टेबलावरची वत्सला डुंबरे एकदा म्हणाली होती,
"अगं एवढ्याशा डागाने काय बिघडतं,
बाजारात जाऊन मळणारच आहे ना?"
मी तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

माउसवर बोट ठेवून किती वेळ गेला
ते संगणकाला विचारा, त्याच्याकडे नोंद असेल.

यादी उघडली. कोरी होती.
तिच्यात पहिलंच नाव पत्त्यांचं.
गेटवर कोणी नव्हतं.

सकाळी यंत्र सुरू केलं
तर कोपऱ्यात हिरवी खूण, आणि खाली :
आपण सुरक्षित आहात.
तीनशे चौसष्ट दिवस शिल्लक.
हे चष्मा पुसत म्हणाले,
"कोणाचे गं?"