सातव्या प्रकरणातलं दार

ग्रिम्स्बीत हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो.
मंगळवारी सहाला आम्ही पाच जण
लाँड्रीवरच्या खोलीत जमतो.
खाली गरगरत असते कुणाची तरी चादर,
वर एक हीटर,
पौंड गिळल्याशिवाय न पेटणारा.

नियम साधा:
आठवड्यात ज्याने ओळ लिहिली नाही
त्याने नाणं टाकायचं.
ऑगस्टपासून
खोलीला ऊब आहे ती माझ्यामुळे.

दिवसा मी इस्पितळात गोळ्या मोजते.
रात्री लिहिते निवृत्ती कासाराबद्दल,
बार्शीच्या पेठेत तराजू दुरुस्त करायचा तो.
सहा प्रकरणं कशी भरभर झाली!
सातव्यात तो नऊ वर्षांनी
थोरल्या भावाच्या दारापाशी आला
आणि तिथेच थांबला.
मी त्याला विडी दिली.
पायरीवर बसवलं.
शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागवलं.
पाणी प्यायला, तांब्या परत केला,
पुन्हा उभा.

नॉर्मा गाडी चालवायला शिकवते. ती म्हणाली,
रोज पाचशे शब्द, बाई, क्लच सोडायचा हळूहळू.
कॅलम रात्रपाळीला मासे गोठवतो,
त्याच्या बोटांना तो वास कायमचा.
म्हणाला, दार उडवूनच दे ना सुरुंगाने.
बेरिलने पिशवीतून नकारपत्रांचा गठ्ठा काढला,
त्रेचाळीस,
त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला
ती दुसरी कादंबरी लिहिते आहे.
कागद जाड वापरतात हो, म्हणाली, शाई फुटत नाही.
आणि दाराचं म्हणशील, तर दारच काढून टाक.
माणूस सरळ स्वयंपाकघरात जेवताना दाखव.
कसा आला ते कोण विचारतंय?

मी तसं करून पाहिलं.
निवृत्ती पाटावर बसला,
घास काही त्याच्या घशाखाली उतरेना.

क्लिफर्ड तेवढा गप्प असायचा.
मासेमारी बोटीवर तीस वर्षं आचारी होता तो.
त्याच्या कादंबरीतली बोट
अकरा वर्षं समुद्रातच आहे.
बंदराला लागली, तर मी मंगळवारी जाऊ कुठे?
असं म्हणून हसायचा.
एकदा मात्र म्हणाला,
तुझ्या भाषेत वाच.
तुम्हाला काय कळणार?
वाच तर.

वाचलं.
निवृत्ती, पेठ, पायरी, तांब्या,
ती सगळी पानं.
खाली चादर थांबली होती.
क्लिफर्डने डोळे मिटूनच हात वर केला:
इथे. आत्ता म्हणालीस ते.
इथे माप कमी भरलं.

माझं बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ अशी:
'भावाने त्याला केव्हाच माफ केलं होतं.'

माझाही एक भाऊ आहे, सोलापूरला.
त्या खोलीत हे कुणाला माहीत नव्हतं.
फ्लॅटच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसापासून
आमचं बोलणं म्हणजे
दिवाळीला एका पणतीचं चित्र,
तेही दरवर्षी तेच.

घरी येऊन ती ओळ खोडली.
तिच्या जागी काय लिहायचं ते सुचेना,
जागा तशीच राहू दिली.
रविवारी पहाटे
निवृत्तीने कडी वाजवली
आणि आतून कुणीतरी विचारलं, 'कोण?'
बस, एवढंच. पुढचं मलाही माहीत नाही.

मंगळवारी मी नाणं काढलं नाही.
सगळे माझ्याकडे बघत राहिले,
नॉर्माने तर टाळीच दिली.
मग खोली गारच राहिली थोडा वेळ,
आणि क्लिफर्ड खिसा चाचपत उठला.
अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

बोट? मी विचारलं.
धुकं, तो म्हणाला. काही दिसत नाही बघ.
नाणं खडखडत खाली गेलं.
मी म्हटलं,
भोंगा वाजवून बघ.