मागं उभे, डावीकडून दुसरा

फोटो मिळाला वडगावात, रद्दीवाल्या हुसेनसाबकडं,
वीस रुपयांत, फ्रेमसकट.
त्याला फ्रेमचेच पैसे हवे होते,
फोटो नुसता आत अडकलेला.
माझं उलटं.

विणकर हुतुतू संघ, १९५८.
पुढं चौघं मांडी घालून, मागं तिघं उभे,
मध्ये ढाल, तिच्यावर कुणाचा तरी हात,
वरच्या कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं आभाळ.

काच सोडवताना घाई चालत नाही.
पांढरे हातमोजे लागतात, ते मी
बँडवाल्या फर्नांडिसकडून आणतो, लग्नसराई संपली की.
एका बोटाला अजून क्लॅरिनेटच्या तेलाचा वास आहे.
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात काही ठेवू नये,
हे एकदा नुकसान झाल्यावर शिकलो:
खानापूरचा एक पैलवान तेव्हापासून
पाठीवर तुपाचा डाग घेऊन बसलाय.
आणि नाव लिहायचं ते पेन्सिलीनं, मागं, कडेला.
शाई आज ना उद्या चेहऱ्यापर्यंत पोचते.

ह्याच्या मागं दोन हस्ताक्षरं होती.
कानडीत चार नावं, मराठीत दोन.
माणसं सात.

बायको म्हणाली, सहा मिळाली की, बस की आता.
तिचं बरोबर आहे.
खरं झोप येत नाही.

दोन उन्हाळे स्कूटरवर गेले.
सुळेभावीत एक म्हातारी म्हणाली, हा आमचा बाळाप्पा, नाक बघा.
येळ्ळूरला म्हणाले, ह्यो नागोजी, कान बघ की त्याचे.
कडोलीत चहा झाला, पोहे झाले,
नातवाला शाळेतून बोलावून
फोटोशेजारी उभं केलं, आणि सगळे माझ्याकडं बघू लागले.
मी तिन्ही नावं लिहून घेतली.
पेन्सिलीनं.

मग शहापूर. यंत्रमागांच्या पल्याड अंधारी खोली,
इराप्पा कामकर, वय त्यांच्या मते नव्वदला दोन कमी.
फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.
"त्यो खेळाडूच न्हवं.
फोटोवाल्याचा पोरगा त्यो, पडदा धरायला आलता.
सातवा आला न्हाई, बनियन एक उरलं,
मास्तर म्हणाले घाल आन उभा ऱ्हा."

मग सातवा कोण, मी ओरडून विचारलं.
माग चालू होते.
त्यांनी छातीवर दोन बोटं टेकली.

ढाल त्यांनीच आणलेली, आदल्या सांजेला,
शेवटच्या चढाईत, चौघं पायाला लोंबकळत असताना.
दुसऱ्या दिवशी सावकाराचा ताणा लावायचा होता.
"फोटोला काय म्हटलं. परत काढत्यात की."

तेवढ्यात वीज गेली.
सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेत
इराप्पांनी अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढली
आणि दम धरला.
हुतुतुतुतु, अगदी खाली, घशाच्याही खाली,
गुडघ्यावर फोटो, नजर रेघेपलीकडं.
मी घड्याळात का बघितलं ठाऊक नाही.
अकरा सेकंद.
मग खोकला, सुनेनं आणलेलं पाणी,
आणि तिनं मला कानडीत जे सुनावलं ते.

आता एक पाकीट वेगळं केलंय:
इराप्पा कामकर, १९५८.
आत बटर पेपर आहे, डांबरगोळी आहे.
फोटोच्या मागं तीन नावं अजून आहेत,
खोडरबर चार दिवस टेबलावर पडून आहे.
पडदा धरणाऱ्या पोराचं नाव कुणालाच माहीत नाही.

कडोलीला मी प्रत दिली होती.
तिला हार घातलाय त्यांनी, बल्ब लावलाय.
रविवारी तिकडून फोन आला:
अजून दोन पाहिजेत,
जरा मोठ्या.